घरच्या घरी मसालेदार पोर्क सॉसेज: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

माझं माहेर लालबागचं आणि सासर वसईचं. मिरचीची पारख मला माहेरून मिळाली, डुकराचं मटण हाताळायला मी सासरी शिकले. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात सासूबाईंनी खिम्याची परात माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "मीठमसाला लाव." मी विचारलं, किती? "बाय, हाताला कळतं." माझ्या हाताला तेव्हा काहीच कळत नव्हतं. पुढची दोन वर्षं माझं सॉसेज कधी खारट व्हायचं, कधी भुसभुशीत, कधी नुसत्या लवंगेचं. आता ते बऱ्यापैकी एकसारखं जमतं. ज्यांच्या घरी शिकवणारं कुणी नाही, त्यांची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आपण काय करणार आहोत ते आधी सांगते. गोव्याचं सॉसेज, म्हणजे चोरीस, मटणाच्या छोट्या तुकड्यांचं असतं. ते तुकडे मिरची-लसूण-व्हिनेगरमध्ये मुरवतात, आतड्यात भरतात आणि उन्हात किंवा धुरावर वाळवतात. नाव आणि व्हिनेगर-लसणाची पद्धत पोर्तुगीजांकडून आली. मिरचीही त्यांनीच आणली. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होती, त्यामुळे ही चव इकडेही मुरलेली आहे. आपण मसाला साधारण तोच घेणार आहोत, पण खिम्याला लावून ताजं सॉसेज करणार आहोत. हे फ्रीजमध्ये ठेवायचं आणि पूर्ण शिजवूनच खायचं. वाळवायचं नाही. का नाही, ते शेवटाकडे सांगते.

१. सामान जमवा

एक किलो खिम्याला लागणारं सगळं:

- खांद्याचं बिनहाडाचं मटण ७०० ग्रॅम, घट्ट चरबी ३०० ग्रॅम
- बारीक मीठ १८ ग्रॅम
- सुक्या काश्मिरी मिरच्या २० ग्रॅम, साधारण १५ ते २० नग
- सोललेला लसूण २० ग्रॅम
- आलं ८ ग्रॅम
- काळी मिरी ४ ग्रॅम, जिरं ४ ग्रॅम
- दालचिनी ३ ग्रॅम, लवंगा ६
- हळद अर्धा चमचा, साखर एक चमचा
- व्हिनेगर ५० मिली, बर्फाचं पाणी २ मोठे चमचे

आणि अवजारं: ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा, रुंद परात, धारदार सुरी, फक्त कच्च्या मटणासाठी ठेवलेला पाट, मिक्सर, आणि शिजलेल्या पदार्थात खुपसायचा थर्मामीटर. काटा आणि थर्मामीटर या दोन गोष्टींत काटकसर करू नका. बाकी सगळ्याला पर्याय निघतो, या दोहोंना नाही.

२. मटण अख्खं बघून घ्या

मुंबईत पोर्क प्रत्येक नाक्यावर मिळत नाही. वांद्रे, मालाडचं ऑर्लेम, वसई अशा ख्रिस्ती वस्तीच्या भागात पोर्कची दुकानं आणि कोल्ड स्टोरेज सापडतात. आपल्या नेहमीच्या मटणवाल्याकडे पोर्क मागू नका, आणि बाहेरून आणलेलं पोर्क त्याच्या यंत्रात दळून द्या असंही म्हणू नका. त्याच्यासाठी तो धर्माचा प्रश्न असतो. त्याला नाही म्हणायची वेळ आणू नये.

दुकानात गेल्यावर पहिला नियम: तयार खिमा घेऊ नका. खिमा झाल्यावर आत काय गेलंय ते कळत नाही. अख्खा तुकडा बघा, मग समोर खिमा करून घ्या किंवा घरी करा. मांस फिकट गुलाबी ते लालसर हवं, चरबी पांढरी आणि घट्ट. बोटाने दाबलं की खळगा भरून यायला हवा. वास जवळजवळ नसावाच.

आता एक गोष्ट नीट वाचा. मांसात भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढरट, पाणीदार दाणे दिसले तर ते मटण घेऊ नका. ती पट्टकृमीची (टेपवर्मची) पाण्याच्या फोडासारखी दिसणारी पिल्लावस्था असते. असं मटण कच्चं राहिलं तर पोटात पट्टकृमी होतो. मेंदूत गाठी होण्याच्या ज्या बातम्या आपण ऐकतो, त्या गाठी मात्र या कृमीची अंडी पोटात गेल्याने होतात. ती अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांवरून आणि भाजीपाल्यावरून येतात. म्हणून मटण बघून घेणं, पूर्ण शिजवणं आणि हात साबणाने धुणं या तिन्ही गोष्टी लागतात. उघड्यावर उकिरड्यात चरणाऱ्या डुकरांचं मटण स्वस्त मिळालं तरी नको. परवाना असलेलं दुकान बघा. अन्नसुरक्षेच्या परवान्याचा १४ आकडी क्रमांक दुकानात लावलेला असतो आणि बंद पाकिटावरही छापलेला असतो.

कोणता भाग? खांद्याचा. त्यात मांस आणि चरबी दोन्ही असतात आणि चवही दाट असते. चरबी पाठीची घट्ट मागा. पोटातली मऊ, लोण्यासारखी चरबी खिम्यात विरघळून जाते आणि तव्यावर सगळी बाहेर वाहते. साल काढून घ्या, सालीचा खिमा दाताखाली रबरासारखा येतो. पाठीची चरबी मिळाली नाही तर अर्धं खांद्याचं आणि अर्धं पोटाचं थरांचं मटण घ्या, मग वेगळी चरबी घालायची गरज नाही.

"चरबी नको, नुसतं मांस द्या" असं मी पहिल्यांदा मोठ्या शहाणपणाने सांगितलं होतं. ते सॉसेज तव्यावर आकसलं आणि लाकडाच्या भुशासारखं लागलं. तीस टक्के चरबी ऐकायला जास्त वाटते, पण सॉसेजचा ओलावा तीच धरते. तब्येतीसाठी चरबी कमी खायची असेल तर दोन टिक्क्यांऐवजी एक खा.

अजून एक. वयात आलेल्या नराच्या मटणाला शिजताना उग्र दर्प येतो, कच्चं असताना तो फारसा कळत नाही. नवीन दुकानातून पहिल्यांदा थोडंच घ्या, घरी एक तुकडा भाजून वास बघा, पटलं तर पुढच्या वेळी जास्त घ्या.

३. घरी थंडच पोचवा

एका मे महिन्यात मी वसईहून दीड किलो मटण साध्या कापडी पिशवीत घेऊन निघाले. गाड्या उशिरा धावत होत्या आणि घरी पोचायला अडीच तास लागले. पिशवी उघडली तेव्हा मटण कोमट झालेलं होतं आणि वर चिकट पाणी सुटलं होतं. सगळं टाकून दिलं. खूप वाईट वाटलं, पण ते शिजवून बघूया असा विचारही करायचा नसतो, कारण काही जंतूंचं विष शिजवूनही जात नाही.

कच्चं मटण फ्रीजबाहेर दोन तासांच्या वर राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या वर नाही. मुंबईत वर्षातले बरेच महिने दुसराच नियम लागू होतो. थर्माकोलचा डबा किंवा जाड थंड पिशवी, आणि आदल्या रात्री गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या, एवढं सोबत न्या. दुकान ही शेवटची खरेदी ठेवा. सुरुवात करायला डिसेंबर-जानेवारी सगळ्यात सोयीचे, हवा आपल्या बाजूने असते.

४. खिमा

दुकानात समोर खिमा करून देत असतील तर जाड जाळीतून, एकदाच काढायला सांगा. दोनदा काढलेला खिमा पेस्टसारखा होतो.

घरी करायचा असेल तर मटण आणि चरबीचे इंचभर तुकडे करून ताटात एका थरात पसरा आणि फ्रीजरमध्ये ४० मिनिटं ठेवा. बाहेरून कडक, आत जरा मऊ असे झाले पाहिजेत. हाताने फिरवायचं खिम्याचं यंत्र असेल तर त्याचं पातं आणि जाळीही सोबत गार करा. यंत्र नसेल तर सुरीने बारीक कापा. वेळ लागतो, पण पोत सगळ्यात छान येतो. मिक्सरही चालतो, मात्र एका वेळी मूठ-दीड मूठ तुकडे घालून दोन-दोन सेकंदांचे झटके द्यायचे. सलग फिरवलंत तर भांडं तापतं, चरबी वितळते आणि हाती चिखल येतो.

शेजारणीचा मिक्सर यासाठी मागून आणू नका. सांगून आणला तरी नको.

खिमा झाल्यावर त्यातला शंभर ग्रॅम वेगळ्या वाटीत काढून फ्रीजमध्ये ठेवा. त्याला मीठमसाला काही लावायचं नाही. तो कशासाठी ते आठव्या पायरीत कळेल. उरलेल्या खिम्याचं वजन करा, कारण मीठ आणि मसाला त्या वजनावर लावायचा आहे. वर दिलेलं माप एक किलोचं आहे, म्हणून बाजूला काढायचा शंभर ग्रॅम त्याशिवाय जास्तीचा आणा.

५. मीठ वजनाने घाला

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

सासूबाईंचं "हाताला कळतं" म्हणजे नक्की किती कळतं, हे मला बघायचं होतं. एकदा त्यांची परवानगी घेऊन मी परातीखाली वजनकाटा ठेवला. परातीत दोन किलो खिमा होता. काटा शून्यावर आणला. त्यांनी बरणीतून मीठ घेतलं, पाची बोटांच्या चिमटीने, आणि खिम्यावर गोल भुरभुरवलं. मग दुसरी चिमूट, तिसरी. चौथी घेतली, थोडं मीठ परत बरणीत झटकलं, उरलेलं टाकलं. काट्यावर ३७ ग्रॅम. पुढच्या खेपेला एक किलो खिमा होता, तेव्हा १८ ग्रॅम आले. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात किलोला अठरा-साडेअठरा ग्रॅमवर जाऊन थांबत होता. आपल्याकडे ती चाळीस वर्षं नाहीत, म्हणून आपण काटा वापरायचा.

किलोला १८ ग्रॅम, म्हणजे १.८ टक्के. दीड टक्क्याच्या खाली गेलं तर चव पांचट होते आणि खिमा नीट बांधला जात नाही. दोन टक्क्यांच्या वर बहुतेकांना खारट लागतं. काटा बंद पडलाच तर नेहमीच्या बारीक मिठाचा सपाट भरलेला छोटा चमचा साधारण ६ ग्रॅमचा, म्हणजे किलोला तीन चमचे. खडे मीठ चमच्याने मोजू नका. त्याच्या खड्यांमध्ये पोकळी राहते आणि त्याच चमच्यात मीठ कमी मावतं.

सापळा: परदेशी कृतींमध्ये "गुलाबी मीठ" लिहिलेलं असतं. ते वाचून आपल्याकडे लोक सैंधव घालतात. या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचं गुलाबी मीठ म्हणजे सोडियम नायट्राइट मिसळलेलं, मांस टिकवण्यासाठीचं मीठ. ओळखू यावं म्हणून त्याला रंग दिलेला असतो. ते थोडं जास्त झालं तरी विषारी ठरतं. सैंधव म्हणजे साधं मीठच, त्याने मांस टिकत नाही. आपल्या ताज्या सॉसेजला नायट्राइटची गरज नाही, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका.

६. मसाला

मिरचीपासून सुरुवात करू. सॉसेजला रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा हवा, म्हणून काश्मिरी. ती नसेल तर बेडगी. लवंगी किंवा संकेश्वरी नुसती वापरलीत तर रंग येण्याआधीच तोंड पोळेल. तिखट आवडत असेल तर वीस ग्रॅममधल्या चार-पाच ग्रॅमपुरती संकेश्वरी घाला. लालबागच्या मिरची गल्लीत गेलात तर मिरची हातात घेऊन वाकवून बघा. चांगली मिरची सुकी असूनही थोडी वाकते, साल चमकते, आणि देठाजवळ बुरशीचा राखाडी डाग नसतो. पावसाळ्यात घेतलेल्या मिरच्या एकदा फोडून आतून जरूर बघा. बाहेरून लालभडक असलेली मिरची आतून काळी निघते, हे माझ्या आईने मला शाळेत असताना शिकवलं.

तयार तिखट पूड वापरली तर चालेल का? चालेल, पण रंग मळकट येतो आणि पुडीचा कोरडेपणा जिभेला जाणवतो. मालवणी मसाला किंवा वसईचा बाटली मसाला घालायचा मोह होतो, मलाही झाला होता. त्यात धण्यासकट पुष्कळ जिन्नस असतात आणि सॉसेज मटणाच्या रश्शासारखं लागायला लागतं. वाईट लागत नाही, पण ते सॉसेज राहत नाही.

कृती अशी. मिरच्यांचे देठ आणि बिया काढा. व्हिनेगरमध्ये तासभर भिजवा, मधे एकदा दाबून खाली बसवा. मिरी, जिरं, दालचिनी, लवंगा मंद आचेवर मिनिटभर नुसत्या गरम करा, भाजून रंग बदलू देऊ नका. गार झाल्यावर कोरड्याच बारीक दळा. मग त्यातच भिजलेल्या मिरच्या, लसूण, हळद, साखर आणि मिरच्यांखालचं व्हिनेगर घालून गुळगुळीत वाटण करा. पाणी घालायचं नाही. वाटण झाल्यावर ते फ्रीजमध्ये गार करा. मिक्सरमधून काढलेलं कोमट वाटण थेट खिम्यात घातलं तर आतापर्यंत गार ठेवण्याची सगळी मेहनत वाया जाते.

व्हिनेगर गोव्याचं माडीचं मिळालं तर उत्तम, त्याची आंबट चव गोलसर असते. नसेल तर उसाचं. बाटलीवर "सिंथेटिक" लिहिलेलं पांढरं व्हिनेगर टोकदार आंबट असतं, ते ४० मिलीच घ्या.

लवंग आणि दालचिनी मोजूनच. लवंग ताजी असेल तर रात्रभरात तिची चव दुप्पट झाल्यासारखी वाटते. मी एकदा किलोला सहाऐवजी पंधरा घातल्या होत्या. घरभर दंतमंजनाचा वास होता आणि दोन किलो सॉसेज कुणी खाईना.

आल्याबद्दल थोडं समजून घ्या. कच्च्या आल्यात मांस मऊ करणारा घटक असतो. रस्सा करताना तो कामाचा, इथे मात्र रात्रभर राहिला तर खिमा लगद्यासारखा होतो. म्हणून आलं वाटणात घालत नाही. दुसऱ्या दिवशी टिक्क्या वळायच्या आधी किसून मिसळायचं. विसरायची भीती असेल तर दोन ग्रॅम सुंठ पूड आदल्या दिवशीच घाला.

७. मळणं: आधी मीठ, मग मसाला

ही क्रमवारी बदलू नका. गार खिम्यावर फक्त मीठ भुरभुरवा आणि कणीक तिंबतो तसं तीन मिनिटं मळा. मधेच बर्फाचं पाणी घाला. मीठ मांसातली प्रथिनं मोकळी करतं आणि खिमा चिकट व्हायला लागतो. हाच सॉसेजचा डिंक. तो तयार व्हायच्या आत व्हिनेगर पडलं तर आंबटपणामुळे प्रथिनं आकसतात आणि सॉसेज तव्यावर सुटून पडतं. माझं भुसभुशीत सॉसेज दोन वर्षं याच एका चुकीमुळे होत होतं. मी सगळं एकदम परातीत ओतायचे.

झालं की नाही ते असं ओळखा. लिंबाएवढा गोळा तळहातावर दाबून बसवा आणि हात उपडा करा. गोळा पाच सेकंद चिकटून राहिला तर झालं. पडला तर अजून मिनिटभर मळा. परातीच्या कडेला बारीक तंतू ओढल्यासारखे दिसायला लागतात, तीही खूण.

मळताना बोटं बधिर होतात, होऊ द्या. हात गार वाटायचा बंद झाला आणि तळव्यावर तुपासारखी चकाकी दिसली, तर चरबी वितळायला लागली आहे. लगेच थांबा, परात झाकून वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, मग पुढे चला.

आता गार वाटण घाला आणि रंग सगळीकडे सारखा होईपर्यंत मिसळा. मिनिटभर पुरे. हातमोजे असतील तर घाला, नाहीतर मिरचीने रात्रभर हात जळतात.

८. चव: चमचाभर भाजून

कच्चा खिमा जिभेला लावायचा नाही. "जरासा बघते" म्हणूनही नाही. एक चमचा खिमा चपटा करून छोट्या तव्यावर पूर्ण भाजा, दोन मिनिटं निवू द्या, मग खा. कडकडीत गरम असताना मीठ नीट कळत नाही.

- मीठ कमी वाटलं: किलोला २ ग्रॅम घाला, मळा, पुन्हा भाजून बघा.
- मीठ जास्त वाटलं: तो वेगळा ठेवलेला शंभर ग्रॅम कोरा खिमा मिसळा. बटाटा, पाव असलं काही घालून सावरायला जाऊ नका.
- आंबट जास्त: अर्धा चमचा साखर.
- मसाला कच्चट, सुटा सुटा वाटतोय: काही करू नका. तो रात्रीत मुरतो.

शेवटचा मुद्दा नवशिक्यांना सगळ्यात जास्त फसवतो. आज चव थोडी बोथट वाटली म्हणून लसूण-लवंग वाढवली की उद्या ती अंगावर येते. आज फक्त मीठ आणि तिखट ठरवा, बाकीचं उद्यावर सोडा. केलेला बदल वहीत लिहा. माझ्या वहीत पहिल्या पानापासून प्रत्येक खेपेचं मीठ, मिरचीचं दुकान आणि महिना लिहिलेला आहे.

कोरा खिमा लागला नाही तर त्यालाही त्याच प्रमाणात मीठमसाला लावून टाका, किंवा दुसऱ्या दिवशी वेगळा शिजवा.

९. मुरवणं आणि आकार देणं

खिमा झाकणाच्या डब्यात दाबून भरा आणि फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागे ठेवा. खाली अशासाठी की काही गळलं तर दुसऱ्या अन्नावर पडू नये. आठ ते बारा तास पुरतात.

दुसऱ्या दिवशी आलं मिसळा आणि ६० ग्रॅमच्या टिक्क्या वळा, एका किलोत अठरा-एकोणीस होतात. मधोमध अंगठ्याने हलका खळगा करा, म्हणजे शिजताना फुगत नाहीत. लांबट हवं असेल तर प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर खिमा ठेवून गुंडाळी करा आणि दोन्ही टोकं चॉकलेटच्या कागदासारखी पिळा. फ्रीजरमध्ये घट्ट झाल्यावर फिल्म काढून मगच तव्यावर टाका.

आतड्यात भरायची घाई पहिल्या खेपेला करू नका. खारवलेली आतडी मिळाली तरी ती धुवा, भिजवा, आतून पाणी फिरवा, भरताना हवा जाऊ देऊ नका, असं ते वेगळंच काम आहे. मसाला हातात बसला की ते शिका.

१०. साठवण

कच्चं सॉसेज फ्रीजमध्ये एक-दोन दिवसच. जास्त ठेवायचं तर दोन टिक्क्यांमध्ये बटर पेपर घालून, एका जेवणापुरत्या पुड्या करून, तारीख लिहून फ्रीजरमध्ये. उणे १८ अंशांवर दोन महिने चव चांगली राहते. एकदारी फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बहुधा तेवढा गार नसतो. तुमच्याकडे तो असेल तर आठवड्याभरात संपवा. पुडी ओट्यावर ठेवून सोडवू नका, आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढा. एकदा सुटलेलं कच्चं सॉसेज पुन्हा गोठवू नका.

परात, पाट, सुरी, मिक्सरचं भांडं गरम पाण्याने आणि साबणाने धुवा. मिक्सरच्या पात्याखालची रबरी चकती काढून धुवायला विसरू नका, वास तिथेच राहतो. पाहुण्यांना वाढण्याआधी पोर्क आहे हे स्पष्ट सांगा, मग ते पुलावात असो की पावात.

आणि वाळवण्याबद्दल. गोव्यात आणि वसईत जुनी माणसं पावसाळ्याआधीच्या कडक उन्हात सॉसेज वाळवतात. त्यात मीठ आणि व्हिनेगर आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त असतं आणि अनुभवी नजर सतत त्यावर असते. वर दिलेल्या मापाचं सॉसेज बाल्कनीत टांगलं तर आपल्या दमट हवेत ते वाळायच्या आधी खराब होतं. भरलेल्या मांसाच्या आत हवा पोचत नाही, तिथे बॉट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, आणि त्यांचं विष जीवघेणं असतं. त्याचा वास येईलच असंही नाही. म्हणून हे माप फक्त ताज्या सॉसेजसाठी.

११. शिजवणं

तवा गार असतानाच टिक्क्या ठेवा, तेल न घालता, आणि मग मंद आच लावा. चरबी हळूहळू सुटते आणि टिक्की स्वतःच्याच तेलात होते. तवा आधी तापवलात तर बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते, शिवाय मिरची जळून कडू होते. एका बाजूला पाच-सहा मिनिटं, उलटून झाकण ठेवून आणखी पाच-सहा.

झालं का ते रंगावरून ठरवू नका. मिरची आणि हळदीमुळे कच्चा खिमाही लाल आणि शिजलेलाही लाल. गुलाबीपणा गेला की नाही हे दिसणारच नाही. थर्मामीटर टिक्कीच्या कडेने मध्यापर्यंत आडवा खुपसा. ७१ अंश सेल्सिअस दिसले की झालं. सगळ्यात जाड टिक्कीत बघा, सगळ्यात छोट्या नाही.

पहिल्या खेपेला नुसती टिक्की, कडक पाव आणि व्हिनेगरमधला कांदा एवढंच ठेवा, म्हणजे मसाल्याची चव स्वच्छ कळेल. टिक्क्या काढल्यावर तव्यात लाल चरबी उरते. ती ओतून देऊ नका. त्यातच उभा चिरलेला कांदा आणि उकडलेल्या बटाट्याच्या फोडी परता, मीठ न घालता. आमच्याकडे सॉसेज संपायच्या आधी ते बटाटे संपतात.